कोल्हापूर ते तिरुपती: अंतर एक, वेळा दोन का?

प्रश्न : कोल्हापूर ते तिरुपती हवाई अंतर साधारण 655 किलोमीटर सांगतात. विमान ताशी 800 किलोमीटरने जातं म्हटलं, तर पन्नास मिनिटांत पोहोचायला हवं. पण एका तिकिटावर 1 तास 15 मिनिटं, दुसऱ्यावर 1 तास 50 मिनिटं असा वेळ दिसला. खरं काय धरायचं? त्याच दिवशीचं दर्शन जमेल का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : अंतर बरोबर आहे, ते घरी कागदावरही काढता येतं. कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ 16.66 अंश उत्तर, 74.29 पूर्व, तिरुपतीचा रेणीगुंटा विमानतळ 13.63 उत्तर, 79.54 पूर्व. अक्षांशांतला फरक 3.03, गुणिले 111 (एका अंशाचे साधारण किलोमीटर), म्हणजे 336 किलोमीटर. रेखांशांतला फरक 5.25 गुणिले 111, पण विषुववृत्तापासून दूर गेलं की रेखांश जवळ येतात, म्हणून त्याला 0.965 ने गुणायचं, आले 562. दोन्हींचे वर्ग करून बेरीज करा आणि वर्गमूळ काढा: 655.

मात्र विमान या सरळ रेषेवरून जात नाही. ठरलेले हवाई मार्ग आणि उतरण्याआधीचं वळण धरून प्रत्यक्षात 700 च्या आसपास किलोमीटर होतात.

वेळेतला मुख्य फरक विमानाचा आहे. एटीआर 72 हे पंख्याचं विमान ताशी जेमतेम 500 किलोमीटरने जातं. त्याला 700 किलोमीटरला 84 मिनिटं लागतात. एम्ब्रेअर 175 हे जेट ताशी 780 च्या आसपास, म्हणजे 54 मिनिटं. दोन्हींत वर चढताना आणि खाली येताना वेग कमी असतो, त्याची दहाएक मिनिटं. शिवाय तिकिटावरचा वेळ चाकं जमिनीवरून सुटल्यापासून मोजत नाहीत. विमान उभं असलेल्या जागेवरून हलल्यापासून तिकडे जाऊन थांबेपर्यंतचा तो वेळ असतो. त्याची आणखी दहा मिनिटं धरा. म्हणजे दोन्ही तिकिटं बरोबर आहेत. तिकीट काढताना विमानाचा प्रकार तेवढा पाहा.

वाऱ्याचाही परिणाम होतो, आणि हळू विमानाला तो जास्त जाणवतो. ताशी 45 किलोमीटरचा वारा समोरून आला तर एटीआरची आठ-नऊ मिनिटं वाढतात, मागून आला तर जवळपास तेवढीच वाचतात. म्हणून जाताना आणि येताना वेळ वेगळा लागतो. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून असतो. विमान जमीन सोडताना वाऱ्याकडे तोंड करून उडतं, त्यामुळे उजळाईवाडीहून पश्चिमेला उडून मग आग्नेयेकडे वळावं लागतं. तिथेही दोन-चार मिनिटं जातात. ढग खाली आले तर उशिराला हिशोबच नसतो.

आता दर्शन. घरून निघताना, उड्डाणाच्या तासभर आधी चेक-इनचा काउंटर बंद होतो असं धरा, गेट साधारण 25 मिनिटं आधी. उतरल्यावर सामान अर्धा तास, रेणीगुंट्याहून डोंगराच्या पायथ्याच्या अलिपिरीला पाऊण तास, तिथे गाडीची आणि सामानाची तपासणी, मग घाट पाऊण तास. गर्दी नसतानाही तिरुमलावर, म्हणजे देवळाच्या डोंगरावर, पोहोचायला अडीच तास जातात. 300 रुपयांच्या दर्शनाची ठरलेली वेळ विमान उतरल्यानंतर किमान पाच तासांनी घ्या. सकाळच्या विमानाला दुपारची वेळ नको, संध्याकाळचीच घ्या. तंबाखू-गुटख्याची पुडी बॅगेत राहिली असेल तर घरीच काढून ठेवा, ती अलिपिरीला अडवतात आणि मागे लागलेली रांगही थांबते.