उपग्रह 'प्रस्थापित' होतात की सोडले जातात?

बातमीतले शब्द बरोबर आहेत का, असा एक प्रश्न आलाय. त्यात हे वाक्य दिलंय: 'पुनर्वापरयोग्य अग्निबाणाद्वारे ६० इंटरनेट उपग्रह कक्षेत प्रस्थापित'. स्पेसएक्स या अमेरिकी कंपनीनं आपल्या फाल्कन ९ रॉकेटवरून स्टारलिंक या तिच्याच इंटरनेट सेवेचे पहिले ६० उपग्रह पाठवले, त्याबद्दलचं. आक्षेप रॉकेटसाठी वापरलेल्या 'अग्निबाण' या शब्दावर आहे. सुटलेला बाण परत येत नाही आणि हा तर परत येऊन उभा राहतो, मग बाण कसा?

त्यात काही बिघडत नाही. शाई हा शब्द फारसी 'सियाही'वरून, म्हणजे काळेपणावरून आला, तरी मास्तर लाल शाईनंच खाडाखोड करत. तेल तिळाचं, तरी आपण शेंगदाण्याचं तेल म्हणतो. शब्द रुळला की त्याची कुळकथा कोणी विचारत नाही. फक्त 'अग्निबाण' आता बोलण्यात उरलेला नाही, लोक रॉकेटच म्हणतात. मराठीच हवा तर 'प्रक्षेपक' आहे. इस्रोच्या पीएसएलव्ही या रॉकेटसाठी 'ध्रुवीय उपग्रह प्रक्षेपक' छापून येतं ते वाचायची आपल्याला सवय आहे.

'पुनर्वापरयोग्य' मला जास्त खटकतं. प्लास्टिक वितळवून नवी वस्तू केली तरी आपण पुनर्वापरच म्हणतो. इथे वितळवणं नाही, तीच वस्तू तपासून, डागडुजी करून पुन्हा उडवायची. फेरविचार, फेरतपासणी यांच्या घरातला 'फेरवापर' इथे चपखल बसेल. शिवाय परत येतं ते अख्खं रॉकेट नव्हे. नऊ इंजिनांचा पहिला टप्पा साधारण अडीच मिनिटांत सुटा होतो आणि समुद्रातल्या तराफ्यावर किंवा जमिनीवर उभा उतरतो. नाकाकडचं कवच पॅराशूटनं खाली येतं, तेही पुन्हा वापरतात. उपग्रहांना घेऊन पुढे जाणारा दुसरा टप्पा मात्र कामी येतो तो एकदाच. आणि 'योग्य' म्हणजे वापरता येण्याजोगा. २४ मे २०१९ च्या त्या उड्डाणात (आपल्याकडे तेव्हा सकाळचे आठ वाजले होते) तोच पहिला टप्पा तिसऱ्यांदा उडत होता. मग नुसतं 'योग्य' कशाला, सरळ 'पुन्हा वापरलेलं' म्हणावं!

पण वाक्यातली खरी चूक शेवटच्या शब्दात आहे. 'प्रस्थापित' राजकारण्यांसाठी राखून ठेवू. उपग्रहाला 'स्थापित' पुरे, तेही त्या दिवशी नाही. हे ६० उपग्रह चपटे, एकावर एक रचलेले होते. दुसऱ्या टप्प्यानं स्वतःला हळू गिरकी दिली, गठ्ठा धरून ठेवणारे दांडे सुटले आणि टेबलावर पत्त्यांचा कॅट पसरावा तसे ते आपोआप एकमेकांपासून दूर सरकत गेले. ही जागा सुमारे ४४० किलोमीटर उंचीवरची. काम करायची कक्षा ५५० किलोमीटरवर. मधलं अंतर त्यांनी आपापल्या छोट्या विद्युत इंजिनांवर, सावकाश चढायचं होतं.

हा फरक कीस काढण्यापुरता नाही. ३ फेब्रुवारी २०२२ ला स्टारलिंकचेच ४९ उपग्रह असेच सोडले, आणखी खाली. त्यांच्या वाटेचा पृथ्वीला सर्वांत जवळचा बिंदू जेमतेम २१० किलोमीटरवर होता. दुसऱ्याच दिवशी भूचुंबकीय वादळानं, म्हणजे सूर्याकडून आलेल्या कणांनी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात उडवलेल्या खळबळीनं, वरचं वातावरण तापून दाट झालं, त्याचा अडसर वाढला आणि सुमारे ४० उपग्रह वर चढूच शकले नाहीत, खाली येऊन जळाले. सोडले होते व्यवस्थित. स्थापित कधी झालेच नाहीत.

आपल्या जीसॅट-एन२ चंही तेच. इंटरनेटसाठीचा हा ४,७०० किलोंचा उपग्रह इस्रोच्या सर्वांत ताकदवान रॉकेटला, एलव्हीएम३ ला, झेपणारा नव्हता, म्हणून १९ नोव्हेंबर २०२४ ला फाल्कन ९ वरूनच गेला. रॉकेटनं त्याला लांबट हस्तांतरण कक्षेत, म्हणजे मधल्या तात्पुरत्या वाटेवर, सोडलं. तिथून सुमारे ३६,००० किलोमीटरवरच्या भूस्थिर कक्षेत (जिथे उपग्रह पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसतो) तो स्वतःची इंजिनं पेटवत नंतर पोहोचला. त्या दिवशीच्या बातमीत 'भूस्थिर कक्षेत स्थापित' लिहिणं घाईचंच ठरलं असतं.

'सोडणे' मात्र दोन्हीकडे चालतं: रॉकेट जमिनीवरून सोडतात आणि रॉकेट उपग्रहाला वर सोडतं. घोटाळा होईल असं वाटलं तर पहिल्यासाठी 'उड्डाण' किंवा 'प्रक्षेपण' वापरावं. तेव्हा वाक्य असं करता येईल: 'पुन्हा वापरलेल्या रॉकेटनं ६० इंटरनेट उपग्रह अवकाशात सोडले'. 'कक्षेत स्थापित' ही दुसरी बातमी, ती काही आठवड्यांनी द्यावी.