हिवाळ्यात लहान मुलांना घेऊन एव्हरग्लेड्सला तंबूत राहायला जावं का?

नाताळच्या सुट्टीत उत्तरेतल्या बर्फातून गाडी काढायची, फ्लोरिडाच्या टोकापर्यंत जायचं, दोन मुलांसह एव्हरग्लेड्सच्या पाणथळ राष्ट्रीय उद्यानात तंबू ठोकायचा. पण घरच्यांना मगरी आणि डासांची धास्ती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. जरूर जा. आम्ही मुलांना घेऊन हिवाळ्यातच जातो, कारण तिथे जायचा हंगामच तो.

सगळा खेळ पाण्याचा आहे. मेपासून नोव्हेंबरपर्यंत तिथे पावसाळा. तेव्हा मैलोन्‌मैल गवत पाण्यात उभं असतं, प्राणी पांगलेले असतात आणि डास माणसाला गाडीतून उतरू देत नाहीत. डिसेंबरपासून पाणी ओसरू लागतं, उरलेल्या डोहांत मासे गोळा होतात आणि त्यांच्यामागे बगळे, करकोचे, मगरी येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ही गर्दी डिसेंबरपेक्षा जास्त असते, पण शाळेच्या सुट्टीपुढे इलाज नाही, आणि डिसेंबरअखेरही भरपूर दिसतं.

होमस्टेड गावाजवळच्या फाटकापासून समुद्रकाठच्या फ्लेमिंगो नावाच्या ठिकाणापर्यंत उद्यानातून ३८ मैलांचा एकच रस्ता जातो. तो घाईने कापू नका. वाटेत ‘रॉक रीफ पास, उंची ३ फूट’ अशी पाटी लागते. मुलं हसतात, पण तिथे गाडी थांबवून त्यांना आजूबाजूला बघायला लावा. या सपाट मुलखात काही इंचांचा चढ-उतारसुद्धा झाडं बदलतो. जरा उंचवट्यावर पाइन, खाली सॉग्रास या धारदार पात्यांच्या उंच गवताचं माळरान, जास्त वेळ पाणी साचतं तिथे सायप्रस, आणि समुद्राचं खारं पाणी पोचतं तिथून खारफुटी. हे एकदा दाखवून दिलं की पुढचा सगळा रस्ता मुलं स्वतःच ओळखत बसतात. माझ्या मते या सहलीतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच, मगरींपेक्षाही.

प्राण्यांसाठी पहिला थांबा रॉयल पाम. तिथली अनहिंगा ट्रेल मैलभरसुद्धा नाही आणि बरीचशी लाकडी पुलावरून जाते, त्यामुळे लहान मुलं आरामात चालतात. अनहिंगा म्हणजे आपल्या तिरंदाज पक्ष्याचा भाऊबंद. पाण्याखाली चोचीने मासा भोसकतो, वर येऊन मानेला झटका देतो, मासा हवेत उडवतो आणि डोक्याकडून गिळतो. मग पंख पसरून वाळवत बसतो, तेही कठड्यापासून हातभर अंतरावर. सकाळी लवकर जा. वाहनतळावर काळी गिधाडं असतात आणि ती वायपरचं आणि खिडक्यांचं रबर खरोखर ओरबाडून काढतात. गाडी झाकायला तिथे ताडपत्र्या ठेवलेल्या असतात. दोन मिनिटं लागतात, पण झाकाच.

मगरींबद्दल: अ‍ॅलिगेटर, म्हणजे इथल्या नेहमीच्या रुंद तोंडाच्या काळसर मगरी, दिवसा बहुतेक वेळ उन्हात निपचित पडलेल्या असतात. किमान १५ फूट अंतर ठेवायचं, खायला काही टाकायचं नाही (तो गुन्हाच आहे), तळ्यात-कालव्यात उतरायचं नाही, आणि काठावर लहान मुलाचा हात सोडायचा नाही. एवढं पाळलं तर घाबरण्यासारखं काही नाही. फ्लेमिंगोच्या धक्क्यावर निमुळत्या तोंडाचे, राखाडी क्रोकोडाइलही दिसतात. अ‍ॅलिगेटर आणि क्रोकोडाइल निसर्गात एकत्र राहतात ते दक्षिण फ्लोरिडातच.

मुक्कामाला दोन तळ आहेत, लाँग पाइन की आणि फ्लेमिंगो. लाँग पाइन कीला सावली छान, पण खाली चुनखडक आहे. खुंट्या आत जायला तयार नसतात, म्हणून आपल्या दांड्यांवर उभा राहणारा तंबू न्या. मी फ्लेमिंगो निवडेन. समोर फ्लोरिडा बे, सूर्योदयाला पेलिकन, आणि धक्क्यावर मॅनेटी (समुद्रगाई) श्वास घ्यायला वर येतात तेव्हा त्यांच्या नाकपुड्या दिसतात. जागा मात्र झाडीतली घेऊ नका, उघड्यावरची घ्या. हिवाळ्यातही संध्याकाळी खारफुटीकडून डास आणि चिलटं येतात, आणि त्यांच्यावर खरा उपाय वारा. लांब बाह्यांचे कपडे, बारीक जाळीचा तंबू, आणि जेवणं अंधार पडण्याआधी उरकायची. उरलंसुरलं अन्न गाडीत बंद ठेवा, नाहीतर रॅकून येतात. नाताळच्या आठवड्यातल्या जागा फार आधी जातात, तेव्हा आरक्षण आजच बघा.

‘फ्लोरिडा म्हणजे गरम’ म्हणून स्वेटर घरी ठेवू नका. दिवसा पंचवीस अंश असलं तरी उत्तरेकडून थंडीची लाट आली की रात्री तापमान दहा अंशांच्या खाली जातं, आणि दमट हवेत ते बोचतं. थंडीनंतरची सकाळ मात्र उत्तम: डास गायब, मगरी ऊन खायला बाहेर. पाणी आणि पेट्रोल होमस्टेडलाच भरून घ्या. फोनच्या रेंजवर विसंबू नका, नकाशा आधीच उतरवून ठेवा.

उद्यानाच्या उत्तरेकडची शार्क व्हॅलीही तुमच्या यादीत आहे. तिथला १५ मैलांचा फेरा सायकलने किंवा ट्रॅमने (रस्त्यावरून चालणाऱ्या सहलीच्या उघड्या गाडीने) करता येतो आणि मध्ये मनोऱ्यावरून गवताचा समुद्र दिसतो. पण फ्लेमिंगोहून आतून तिकडे रस्ता नाही. होमस्टेडला परत येऊन टॅमायामी ट्रेलने, म्हणजे ४१ नंबरच्या रस्त्याने जावं लागतं, आणि त्यात दीड-दोन तास जातात. त्यामुळे तो दिवस मधे घुसडू नका. तंबू आवरून परत निघाल त्या दिवशी सकाळी लवकर उठून तिथे जा आणि तिथूनच घरची वाट धरा.