युक्रेनमध्ये बायकोसोबत निवांत ३-४ दिवस घालवायला कुठलं शांत शहर बरं?

उझहोरोद. स्लोव्हाकियाच्या बॉर्डरला अगदी चिकटून आहे, छोटंसं, सगळं पायी फिरून होतं. उझ नदीकाठी लिंडेनच्या झाडांची २ किमीहून लांब रांग आहे, संध्याकाळी तिथे दोघांनी नुसतं चालत राहायचं, कुठे पोचायची घाई नाही, आणि एप्रिलमध्ये गेलात तर साकुरा, म्हणजे चेरीचा मोहर, फुललेला असतो, गल्ल्याच्या गल्ल्या गुलाबी, मला तर हेच सगळ्यात जास्त आवडतं. किल्ला बघा, शेजारीच ओपन-एअर म्युझियममध्ये १७७७ चं लाकडी चर्च आहे. जेवायला बोग्राच, म्हणजे मटणाच्या रश्श्यासारखं झणझणीत, पण बहुतेक बीफचं असतं, चालत नसेल तर आधी विचारून घ्या.

पण खरं सांगू का, २०२२ पासून युद्धामुळे तिथली विमानं बंदच आहेत, त्यामुळे आत्ता तिकडे जाऊ नका प्लीज, शांतता झाली की स्लोव्हाकियातल्या कोशित्से शहरावरून रस्त्याने जा.