पुस्तक कुठल्या पानावर मिटलं?

माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या काकू त्रेसष्ट वर्षांच्या. सांगलीतल्याच, विश्रामबागेत राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या मराठीच्या बाई. (ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत आणि त्यांना विचारूनच हे लिहिते आहे.) त्यांनी पिशवीतून वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ची कोरी प्रत काढून टेबलावर ठेवली. कॉलेजात असताना ही कादंबरी त्यांनी दोन रात्रींत संपवली होती, पुढेही कितीदा तरी वाचली. ती जुनी प्रत २०१९ च्या महापुरात गेली. पाणी उतरल्यावर कपाटात नुसता लगदा उरला होता.

“हौसेनं नवी आणली, तर मॅडम, वाचवतच नाही. जीव होता माझा या पुस्तकावर. माझ्या आईला शेवटी शेवटी काही आठवत नव्हतं. माझीही ती सुरुवात नसेल ना?”

ही भीती घेऊन वाचणारी माणसं माझ्याकडे नेहमी येतात. मी आधी साध्या गोष्टी विचारते. चष्म्याचा नंबर कधी तपासला? मोतीबिंदू वाढत असला की अक्षरांशी झगडूनच जीव थकतो आणि बोल पुस्तकाला लागतो. मागच्या पानावरचं पुढच्या पानाला विसरायला होतं का, पात्रांची गल्लत होते का, रोजचे हिशेब चुकतात का? झोप, जेवण, शेजारपाजार यांतलाही रस गेलाय का? दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, तर मी डॉक्टरांकडे पाठवते. काकूंचं तसं काहीच नव्हतं. शब्दकोडं रोज सुटत होतं, महिन्याला दोन-तीन आत्मचरित्रं वाचून होत होती.

मग मी विचारलं, “पुस्तक कुठल्या पानावर मिटलं?”

पानाचा कोपरा दुमडलेला होता. शापानं म्हातारा झालेला ययाति तारुण्य मागतो आणि त्याचा मुलगा पुरू ते द्यायला तयार होतो, ती जागा.

“तेव्हा आम्ही मैत्रिणी देवयानी आणि शर्मिष्ठेवरून भांडायचो. पुरूकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.” मग बराच वेळ त्या गप्प होत्या. “ह्यांना अर्धांगवायू झाला तेव्हा मुलगा पुण्याची नोकरी सोडून आला. अकरा वर्षं झाली. लग्नाचंही राहूनच गेलं. आम्ही मागितलं नव्हतं हो. पण नकोही म्हटलं नाही.”

आणि एकदम वर्गात बोलावं तशा म्हणाल्या, “खांडेकरांनी ययाति, देवयानी, शर्मिष्ठा, तिघांनाही आपापली कहाणी सांगायला दिली. पुरूला स्वतःचं एक प्रकरण नाही.”

मी हातातली वही बाजूला ठेवली. इतक्या वर्षांत ‘ययाति’बद्दल मला कुणी हे सांगितलं नव्हतं.

पुस्तक आवडेनासं होणं वेगळं आणि सोसेनासं होणं वेगळं, हे मी त्यांना सांगितलं. तरुणपणी वाचलेल्या कादंबरीला आपलं ते वय चिकटून बसतं. उतारवयात माणसाला साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सगळ्यात जास्त येतात. म्हणून जुनं पुस्तक उघडताना आपण तीच मुलगी भेटेल या आशेनं उघडतो, आणि वाचायला बसते ती मात्र एका मुलाची आई. खांडेकर १८९८ मध्ये याच सांगलीत जन्मले. ‘ययाति’ १९५९ मध्ये आली तेव्हा तेही साठीत होते. त्यांच्या वयाला काकू आत्ता कुठे पोचल्या होत्या. त्यांची वाचनाची गोडी शाबूत होती, उलट फार खोल गेली होती.

पुस्तक नेटानं संपवा, असं मी म्हटलं नाही. मुलाशी बोला म्हटलं. माफी मागायची घाई न करता, त्याला काय वाटत आलंय ते फक्त विचारायचं.

तीन आठवड्यांनी आल्या तेव्हा पिशवी रिकामी होती. “कधी कधी तुमचा राग यायचा, म्हणाला. मी ऐकून घेतलं. रात्री आम्ही दोघंही जेवलो नाही. सकाळी मात्र त्यानं आपणहून चहा केला.” आता शनिवार-रविवार वडिलांजवळ एक मावशी येणार आहेत आणि तो पुण्याला जुन्या मित्रांकडे जाऊन येणार आहे.

“आणि पुस्तक?”

“ते त्याच्याकडे आहे. पहिल्या पानापासून वाचतोय.”