कादंबरीवरची चर्चा ‘छान होती’च्या पुढे कशी न्यावी?

तुमच्या सोसायटीतली पुस्तक भिशी दहा मिनिटांत ‘छान होती’ म्हणून आटोपते, असं लिहिलंय तुम्ही. आमचीही वर्षभर तशीच आटोपायची. आम्ही परळचे आठ-नऊ जण, महिन्यातून एका शनिवारी कुणाच्या तरी घरी जमतो. कुणीतरी लेखकाचा जन्म, शिक्षण, पुरस्कार असं टिपण वाचायचं आणि तेवढ्यात आतून वड्यांचा वास यायचा. मग कसली चर्चा!

गाडी रुळावर आली ती विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मुळे. १९३९ची कादंबरी, पण इतकी लहान की आमच्यातल्या एकीने ती लोकलमध्येच संपवली. (जाडजूड कादंबरी घेऊच नका. निम्मे न वाचता येतात आणि माना डोलावत बसतात.) युरोपातून मुंबईकडे निघालेलं जहाज, त्यावर नाझी जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू निर्वासित. त्यांतली हॅर्टा आणि आपला चक्रधर प्रेमात पडतात. मुंबई येते, तो उतरतो. तिला पुढे जावं लागतं.

ठिणगी तिथेच पडली. आमच्यातली सगळ्यात धाकटी म्हणाली, “पळपुटा आहे तो, सरळ पळपुटा.” निवृत्त मुख्याध्यापिका आहेत एक, त्या उखडल्या, “अगं, एकदा पोळलेला माणूस आहे तो. आधीची उमा विसरलीस का?” दोघींची चांगलीच जुंपली.

आमच्यातले एक काका गोदीत टॅली क्लार्क होते, म्हणजे जहाजावर चढणाऱ्या-उतरणाऱ्या मालाची मोजदाद ठेवायचे. एरवी तोंड उघडत नाहीत. त्यांनी चष्मा काढला.

“युरोपची जहाजं तेव्हा बॅलार्ड पिअरला लागायची. इथून बसने जाल तर तासभर नाही लागणार. शोअर पास, म्हणजे बंदरात उतरायचा परवाना, नाही म्हणून जहाजावर अडकलेले खलाशी मी बघितलेत. एक जण रोज संध्याकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून कठड्याशी उभा राहायचा. खाली शिडी लावलेली. पायथ्याशी पहारेकरी.”

जरा वेळ सगळे गप्प. मग धाकटीनेच विचारलं, “आणि काका, खाली उतरलेली माणसं वर बघायची?”

“मी तरी बघायचो नाही,” काका म्हणाले.

आणि सगळ्यांनी भराभर पानं उलटायला घेतली. शेवटची पानं तीनदा मोठ्याने वाचली गेली, दर वेळी वेगळ्या माणसाने. मुख्याध्यापिकाबाईंनी ‘पळपुटा’ मात्र शेवटपर्यंत मान्य केलं नाही.

लेखकाचं टिपण तेव्हापासून बंद. जिथे अडखळलात त्या पानात खूण घालून या, एवढंच सांगतो. आणि कादंबरीतलं काम ज्याने हाताने केलंय असा माणूस शोधून बसवतो. कोर्टाची गोष्ट असेल तर बेलीफही चालेल, वकीलच हवा असं नाही.

वडे आता अगदी शेवटी तळतात. ‘रणांगण’च्या दिवशी कढई दोनदा तापवून उतरवावी लागली होती.