पुण्याच्या १८९७च्या प्लेगविषयी संगणकावर शोध घेताना योग्य शब्द कसे निवडावेत?

एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी पुण्यातील १८९७च्या प्लेगची माहिती शोधताना एकतर हजारो असंबद्ध निकाल येतात, नाहीतर काहीच हाती लागत नाही, तेव्हा शोध आटोक्यात कसा आणावा, असे आपण विचारले आहे. मी अनेक वर्षे महाविद्यालयीन ग्रंथालयाचा संदर्भ विभाग सांभाळला असून नेमका हाच विषय घेतलेल्या विद्यार्थ्यांसोबत बसून शोध घेतले आहेत. म्हणून आपल्याच विषयाच्या आधारे उत्तर देते.

आपल्या मनात प्रश्न ज्या शब्दांत उमटतो तेच शब्द आपण शोधचौकटीत टाकतो, आणि बहुतेक वेळा तिथेच चुकते. आपल्याला हवा असलेला मजकूर कोणी, कोणत्या काळात आणि कोणत्या हेतूने लिहिला असेल, याचा विचार आधी करावा. विद्यार्थी हमखास ‘अत्याचार’ किंवा ‘जुलूम’ या अर्थाचे इंग्रजी शब्द टाकतात, आणि त्यांना अलीकडचे लेख तेवढे मिळतात. घराघरांत शिरून रोगी शोधणाऱ्या सैनिकांच्या तुकडीला सरकारी अहवालाचा लेखक ‘सर्च पार्टी’ म्हणतो, आणि रोग्यांना व त्यांच्या आप्तांना वेगळे ठेवण्याला ‘सेग्रिगेशन’ म्हणतो. त्याच काळातला मराठी लेखक प्लेगला ‘ग्रंथिक सन्निपात’ किंवा ‘गाठीचा ताप’ म्हणत असे. जुलमाची हकिगत अहवालात असते, पण ती अशा कोरड्या कारभारी शब्दांआड असते. ते शब्द माहीत असल्याशिवाय ती सापडत नाही.

एका कागदावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात रोगाची नावे, दुसऱ्यात ठिकाणाची आणि तिसऱ्यात आपल्याला हवी असलेली बाजू, म्हणजे माणसे, कायदा, लस किंवा छावण्या. एका रकान्यातील शब्द परस्परांना पर्याय असतात, म्हणून ते इंग्रजी ‘ऑर’ने जोडावेत, तिन्ही रकान्यांतले काही ना काही हवेच असते, म्हणून रकाने एकमेकांना ‘अँड’ने जोडावेत. ‘ऑर’ने शोध रुंदावतो आणि ‘अँड’ने अरुंद होतो. गूगलवर ‘अँड’ लिहावा लागत नाही, मात्र ‘ऑर’ मोठ्या इंग्रजी अक्षरांतच लिहावा लागतो. जेस्टोर किंवा पबमेडसारख्या संशोधनलेखांच्या संकेतस्थळांवर पर्यायांचा प्रत्येक गट कंसात घालावा. कंस न घालता ‘प्लेग अँड पूना ऑर पुणे’ असे लिहिले, तर यंत्र प्लेगशी काहीही संबंध नसलेले पुण्याचे सगळे लेख समोर आणून टाकते.

आता शब्दांची निवड. इंग्रजीत ‘प्लेग’ हे क्रियापदही आहे, त्यामुळे ‘पुणे’ आणि ‘प्लेग’ एकत्र टाकले की शहराला छळणाऱ्या वाहतूककोंडीच्या बातम्याही येतात. त्याऐवजी ‘ब्युबॉनिक’ (गाठीचा प्लेग) हा शब्द घ्यावा. ठिकाणासाठी ‘पूना’ घेतला तर निकाल आपोआप जुन्या लेखनाकडे झुकतात. एका स्पेलिंगने इतके काम होते, हे मला आजही फार मोलाचे वाटते. अलीकडच्या संशोधनासाठी मात्र दोन्ही रूपे ‘ऑर’ने जोडावीत.

मराठीतून शोधताना अडचण अधिक बारीक असते. एका ग्रंथालयाच्या तालिकेत मी एकदा ‘चाफेकर’ असे टाकले, काहीच आले नाही, आणि पुस्तक नसल्याचे मी विद्यार्थिनीला सांगून टाकले. पुढे ते पुस्तक मला तिथल्याच कपाटात दिसले. नोंद ‘चापेकर’ अशी होती. २२ जून १८९७ रोजी ज्यांच्यावर गोळी झाडली गेली, त्या प्लेग अधिकाऱ्याचे नाव तर आणखी फसवे आहे. ‘रँड’ हे चंद्रबिंदूने लिहिता येते आणि ‘रॅंड’ हे अर्धचंद्र व अनुस्वार वेगवेगळे देऊनही लिहिता येते. पडद्यावर दोन्ही जवळजवळ सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी अक्षरे आहेत, आणि प्रत्येक तालिका हा फरक सांभाळून घेईलच असे नाही. शिवाय १९६२च्या लेखननियमांपूर्वीच्या मजकुरात ‘पुण्यांत’, ‘गांव’, ‘घरें’ असे अनुस्वार असतात, म्हणून ही जुनी रूपेही पर्यायांत धरावीत.

नको असलेला शब्द वजाचे चिन्ह लावून गाळता येतो, पण हे हत्यार जपून वापरावे. १८९७चा साथरोग कायदा २०२०मध्ये पुन्हा लागू झाल्यामुळे त्या कायद्याच्या शोधात कोविडविषयीचे लेख दाटी करतात, हे खरे. परंतु ‘कोविड’ गाळले की दोन्ही साथींची तुलना करणारे चांगले लेखही बाहेर जातात. त्याऐवजी, त्या काळातलेच लेखन हवे असेल तेव्हा, गूगल बुक्सवर प्रकाशनाची कालमर्यादा १८९६ ते १९०५ अशी घालावी.

निकाल फारच थोडे आले, तर तिसरा रकाना काढून टाकावा, आणि तरीही भागले नाही तर ठिकाण रुंदावून ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी’ (मुंबई इलाखा) घ्यावे. साथ आधी मुंबईत, १८९६च्या सप्टेंबरात, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखली होती, आणि बरेच सरकारी लेखन ‘बॉम्बे’ याच नावाखाली आहे. ब्रिटिश हिंदुस्थानातील वैद्यकविषयक अहवालांचा मोठा संग्रह स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने संकेतस्थळावर खुला ठेवला आहे; तिथे ‘प्लेग’ आणि ‘बॉम्बे’ एवढ्या दोनच शब्दांनी सुरुवात करावी. एखादा उपयोगी अहवाल उघडला की त्याची अनुक्रमणिका आधी वाचावी, त्यात लेखकाने वापरलेले नवे शब्द आपल्या रकान्यांत उतरवून घ्यावेत आणि ‘सर्च पार्टी’सारखे जोडशब्द अवतरणचिन्हांत घालून पुन्हा शोधावे. प्रत्येक शोधाची तारीख, वापरलेले शब्द आणि आलेल्या निकालांची संख्या वहीत लिहून ठेवावी, कारण प्रबंधिकेच्या अभ्यासपद्धतीच्या प्रकरणात मार्गदर्शक हेच विचारतात.