ताठ पाय म्हणजे मजबूत पाय नव्हेत

'बाळ ३१व्या आठवड्यात झालं, वजन १ किलो ४५० ग्रॅम. तिसऱ्या दिवशी डोक्याची सोनोग्राफी केली, त्यात दोन्ही बाजूंना "ग्रेड २" रक्तस्राव. घरी सोडण्याआधीच्या सोनोग्राफीत "पीव्हीएल" लिहिलंय. आता २४ आठवड्यांचा आहे. मान धरत नाही, मुठी आवळलेल्या असतात, उजवी जास्त. पण मांडीवर उभा धरला की ताठ उभा राहतो. सासूबाई म्हणतात, पाय घट्ट आहेत, लवकर चालेल. जाऊबाईंची मुलगी याच्याच वयाची, ती पालथी पडते. व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा एसटीने रत्नागिरीला नेते. तिथे रडून लाल होतो, म्हणून घरचे म्हणतात बंद कर. ग्रहण पाळलं नाहीस, विहिरीचं पाणी ओढत राहिलीस, हेही ऐकून घेते. यजमान मुंबईत असतात. तो चालेल ना?'
– एक आई, गुहागर तालुका

ताई,

आधी ग्रहण आणि विहीर. ३२-३४ आठवड्यांच्या आतल्या बाळाच्या मेंदूत, पाण्याच्या पोकळ्यांच्या कडेला, फार नाजूक रक्तवाहिन्यांचा एक थर असतो. पूर्ण दिवसांच्या बाळात तो जवळजवळ विरून गेलेला असतो. लवकर जन्मलेल्या बाळाचा श्वास आणि रक्तदाब वरखाली झाला की त्या वाहिन्या फुटतात, आणि हे बहुतेक वेळा जन्मानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत घडतं. तुम्ही ओढलेल्या कळशीचा त्याच्याशी संबंध नाही. हा परिच्छेद घरात मोठ्याने वाचून दाखवा.

आता वय. बाळ नऊ आठवडे आधी आलं, म्हणून २४ मधून ९ वजा करा. वाढीच्या हिशेबाने तो १५ आठवड्यांचा, म्हणजे साडेतीन महिन्यांचा आहे. दोन वर्षांचा होईपर्यंत याच वयाने त्याला बघायचं. त्यामुळे पालथं पडण्याची अपेक्षा आत्ता नकोच आणि जाऊबाईंच्या मुलीशी तुलना तर नकोच नको. लसी मात्र खऱ्या जन्मतारखेनेच द्यायच्या. तिथे नऊ आठवडे वजा करून पुढे ढकलू नका.

तुम्ही 'ग्रेड २' ला घाबरलात. म्हणजे रक्त पोकळ्यांत उतरलं, पण त्या फुगल्या नाहीत. मला कागदावरच्या दुसऱ्या ओळीची, पीव्हीएलची, काळजी जास्त वाटते. त्या पोकळ्यांभोवतीच्या पांढऱ्या भागाला इजा झाली की तसं लिहितात. पायांकडे जाणारे मज्जातंतू नेमके पोकळ्यांना लागून जातात, हातांचे थोडे बाहेरून. म्हणून पाय आधी आणि जास्त आखडतात. उभं धरल्यावर पाय काठीसारखे होतात, टाचा उचलल्या जातात, पायांची कात्री होते का बघा. तसं असेल तर ती ताकद नाही, तो ताठरपणा आहे, आणि वारंवार उभं केल्याने त्याला त्याचीच सवय लागते. सासूबाईंना आजच सांगा, उभं करणं बंद. वॉकरही आणू नका.

साडेतीन महिन्यांच्या हिशेबाने त्याने तुमच्याकडे बघून हसायला हवं, चेहऱ्यामागे डोळे फिरवायला हवेत, मुठी बराच वेळ उघड्या राहायला हव्यात. मान थोडी लटपटली तर आणखी महिनाभर वाव आहे. उजवी मूठ जास्त आवळलेली असणं मात्र डॉक्टरांच्या कानावर घाला. वर्षाच्या आत बाळ उजवं-डावं ठरवत नसतं. एक हात कमी वापरत असेल तर त्याला कारण असतं.

एक तपासणी अशी आहे की जिला मुदत आहे. वाढीच्या वयाच्या साधारण ९ ते २० आठवड्यांत बाळ जागं आणि शांत असताना मान, मनगटं, घोटे सतत बारीक बारीक, सगळ्या दिशांनी वळवत असतं. या हालचाली दिसल्या तर मोठा दिलासा, अजिबात नसतील तर सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचाल आणि तोल कायमचा बिघडण्याचा, धोका बराच मोठा. तुमच्याकडे पाचच आठवडे आहेत. दूध पिऊन झाल्यावर तासाभराने, फक्त लंगोट ठेवून, उताणं झोपवा. हातात खेळणं नको, तोंडात चोखणी नको, बोलूही नका. वरून, सगळं अंग दिसेल असा चार-पाच मिनिटांचा व्हिडिओ काढा. रडू लागला तर थांबवून पुन्हा काढा. तो बालविकास तज्ज्ञांना किंवा या तपासणीचं प्रशिक्षण घेतलेल्या थेरपिस्टना दाखवा.

व्यायाम बंद करू नका, त्याची रीत बदला. रडणाऱ्या बाळाचे पाय ओढून फारसं काही साधत नाही, बाळाने स्वतः हालचाल केली तर मेंदू शिकतो. आठवड्यातून दोनदा एसटीचा प्रवास करण्यापेक्षा पंधरा दिवसांनी एकदा जा, थेरपिस्ट करतात ते मोबाइलवर टिपून घ्या आणि घरी रोज करा. ते तयार नसतील तर जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, डीईआयसीची, चौकशी करा. आशाताईंना विचारा. सेरेब्रल पाल्सीचं निदान पक्कं होईपर्यंत थांबायचं कारण नाही.

घरी काय? झोळीत बाळ दिवसभर गुंडाळलेलं राहतं, म्हणून जागं असताना चटईवर. दूध पिऊन अर्धा तास झाला की पालथं. छातीखाली, काखांच्या रेषेत, टॉवेलची गुंडाळी, कोपरं खांद्यांच्या पुढे, आणि तुम्ही समोर जमिनीवर त्याच्या डोळ्यांच्या पातळीला. सुरुवातीला दोन-तीन मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. थकला की उचला, आणि झोपवायचं नेहमी उताणंच. मधेमधे कुशीवर ठेवा, पाठीला गुंडाळीचा टेकू द्या, म्हणजे दोन्ही हात समोर एकमेकांना लागतात. लंगोट बदलताना पाय सरळ ओढू नका, गुडघे पोटाकडे दुमडून हळूच बाजूला उघडा. मूठ बोटांनी उचकटायची नाही. करंगळीच्या बाजूने हाताची पाठ चोळली की ती आपणहून सैल होते.

सासूबाईंचे हात इथे मोलाचे आहेत. खोबरेल तेलाने संथ मालीश त्यांनीच करावं. फक्त हातपाय आडवेतिडवे ओढणं, उलटं धरणं, नाकाकानात तेल घालणं आणि धुरी, एवढं सोडून. लवकर जन्मलेल्या बाळाच्या फुप्फुसांना धूर सोसत नाही.

डिस्चार्ज कार्डावर दोन नोंदी शोधा: डोळ्यांच्या पडद्याची आरओपी तपासणी आणि कानांची बेरा. नसतील तर याच आठवड्यात करून घ्या. लोहाच्या थेंबांची मात्रा वजनाप्रमाणे वाढते, जुन्याच मात्रेवर अडकलात का विचारा. ड जीवनसत्त्वाची बाटली बदलली की दर मिलिलीटरला ४०० आययू आहे की ८०० ते वाचा.

दर रविवारी टेपने डोक्याचा घेर मोजून लिहा. या वयात महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. झपाट्याने वाढला, टाळू फुगली, उलट्या होऊ लागल्या, नजर खाली ओढल्यासारखी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना. तसंच, झोपेतून उठताना बाळ एकामागून एक झटक्यांनी हात पसरून पुढे वाकतं, मान टाकतं, असं दिसलं तर व्हिडिओ काढा आणि तातडीने न्या. घरात याला 'दचकतो' किंवा 'पोटात दुखतं' म्हणतील. हे आकडीचे प्रकार असू शकतात आणि उशीर झाला तर आलेली प्रगतीही मागे जाते. गाऱ्हाणं घालायचं तर घाला, पण दवाखान्यातून आल्यावर.

चालेल का, याचं उत्तर आज कोणालाच देता येणार नाही. दोन वर्षांपर्यंत आधाराशिवाय बसायला लागलेली मुलं बहुतेक पुढे चालतात, म्हणून आपलं लक्ष आधी मानेवर, मग बसण्यावर. पुढे सेरेब्रल पाल्सीचं निदान झालंच तर दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढा. त्यानंतर निरामय या सरकारी आरोग्य विमा योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतच्या उपचारांना मदत मिळते आणि त्यात थेरपीही येते.

तुमच्या यजमानांना फोनवर रडून सांगू नका, व्हिडिओ पाठवा आणि पुढच्या तपासणीला रजा काढून यायला सांगा. डॉक्टरांचं बोलणं दोघांनी एकत्र ऐकलं पाहिजे. झोप उडाली असेल, बाळाकडे बघावंसंही वाटत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.